मॉक्सी लिहिण्यापूर्वी

साथीच्या दिवसांत डोळे आलेला माणूस ओपीडीत रिकाम्या हाताने येत नाही. प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर पालथी होते. मेडिकलवाल्याने दिलेले मॉक्सी, शेजारणीला ‘गुण आलेले’ मॉक्सी-डेक्सा आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली, टोपण हरवलेली एक बाटली. २०२३च्या जुलैमध्ये आळंदी-पुणे भागात साथ आली तेव्हा अशा पिशव्या आपल्यापैकी अनेकांनी रोज पाहिल्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. तरीही चिठ्ठीवर चौथी बाटली आपणच लिहितो. रुग्णाला नुसते ‘थंड पाण्याने शेका’ सांगून पाठवायला जीव धजत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र.

विषाणूला त्या थेंबाने काही होत नाही. होते ते डोळ्यावर मुक्कामाला असलेल्या जिवाणूंना, आणि त्यांचा विचार आपण फारसा करत नाही.

डोळ्याच्या पृष्ठभागावर टिकून राहणे सोपे नाही. फ्लेमिंगने १९२२ मध्ये लायसोझाइमवर पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्या कामासाठी त्याने सहकाऱ्यांचे अश्रू लिंबाच्या मदतीने काढले होते म्हणतात. त्यात लॅक्टोफेरिन, आयजीए आणि पापणीची अखंड उघडझाप धरा. म्हणूनच निरोगी डोळ्याच्या कितीतरी स्वॅबवर काहीच उगवत नाही. उगवलेच तर बहुधा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, कोरिनेबॅक्टेरियम किंवा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. जनुकीय तपासण्या आल्यापासून ही यादी भलतीच लांबली आहे. पण नमुन्यात मुळात जिवाणू इतके थोडे, की किटमधल्या आणि हवेतल्या डीएनएची भेसळ सहज होते. कोऱ्या स्वॅबची तुलना न देणारा शोधनिबंध मी पुढे वाचत नाही. तुम्हीही वाचू नका.

हे थोडके जिवाणू नुसते पडून असतात का? अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या सेंट लेजर, कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उंदरांवर याचा शोध घेतला. कोरिनेबॅक्टेरियम मॅस्टिटिडिस हा जिवाणू उंदराच्या कन्जंक्टायव्हावर कायमचा राहू शकतो. त्याच्यामुळे तिथल्या गॅमा-डेल्टा टी पेशी आयएल-१७ सोडतात, न्यूट्रोफिल जागेवर येतात आणि अश्रूंमध्ये जंतुनाशक द्रव्ये वाढतात. हा जिवाणू ज्यांच्या डोळ्यावर होता, त्या उंदरांचा कॅन्डिडा आणि स्यूडोमोनासपासून अधिक चांगला बचाव झाला. उंदराचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे, हे मान्य. पण ‘नॉर्मल फ्लोरा’ हे दोन शब्द रिपोर्टवर वाचून आपण पान उलटतो, ते यापुढे जरा थांबून उलटावे.

आता दुसरी बाजू, आणि ती ऑपरेशन थिएटरमधली आहे. स्पीकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या एन्डोफ्थॅल्मायटिसचे १७ रुग्ण तपासले. त्यांतल्या १४ जणांच्या व्हिट्रियसमधला जंतू त्यांच्याच पापणीवर, कन्जंक्टायव्हावर किंवा नाकात सापडलेल्या जंतूशी तंतोतंत जुळला. उंबऱ्याबाहेर निमूट राहणारा एपिडर्मिडिस आत शिरला की घर जाळतो. तेव्हा चाकू लावण्यापूर्वी पृष्ठभाग साफ करायचा, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की कशाने.

पाच टक्के पोविडोन आयोडीन त्यासाठी पुरते आणि त्याला जंतू सहसा सरावत नाहीत. अँटिबायोटिक थेंबांना मात्र सरावतात. किम आणि टोमा यांनी व्हिट्रियसमध्ये वारंवार इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णांमध्ये २०११ मध्ये हेच दाखवले. एका डोळ्यात दर वेळी थेंब, दुसरा डोळा तुलनेला. थेंब पडलेल्या डोळ्यावर एपिडर्मिडिसचे प्राबल्य वाढले आणि उरलेले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. म्हणजे पुढच्या महिन्याच्या सुईसमोर आपणच तयार केलेले पहारेकरी उभे! अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने २०१३ मध्येच सांगितले होते: ॲडिनोव्हायरसने डोळे आले तर अँटिबायोटिक लिहू नका, आणि व्हिट्रियस इंजेक्शनच्या आधी-नंतर ते सरसकट देऊ नका.

मॉक्सीशी माझे वैर नाही. अरविंद नेत्र रुग्णालयाने सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला. मॉक्सिफ्लॉक्सासिन थेट अँटिरियर चेंबरमध्ये द्यायला लागल्यावर एन्डोफ्थॅल्मायटिस ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आला. औषध तेच, जागा योग्य. त्या जागेवर ते उपयोगी राहावे असे वाटत असेल, तर बाहेर उधळणे थांबवायला हवे. ब्लेफरायटिसमध्येही पहिली चिठ्ठी शेक आणि पापण्यांच्या स्वच्छतेचीच असावी; अँटिबायोटिकचा विचार त्यानंतर.

उद्या ‘डोळ्यांचे प्रोबायोटिक’ म्हणून कोणी चकचकीत माहितीपत्रक घेऊन आलेच, तर त्याला चहा पाजा, माणसांवरच्या चाचण्या मागा आणि त्या मिळेपर्यंत माहितीपत्रक ड्रॉवरमध्ये ठेवा.

वाचकांना एकच विनंती. या महिन्यात इंजेक्शनच्या एकाही रुग्णाला सवयीने थेंब लिहू नका. मात्र पोविडोन घातल्यावरची तीन मिनिटे अंदाजाने नको, भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजा.