वीस मिलिमीटरची खरी किंमत

मोटारीची चाके थोडी बाहेर आली की गाडी रुबाबदार दिसते, अशी आजच्या अनेक तरुणांची समजूत आहे. त्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची एक चकती बसवितात. तिला स्पेसर म्हणतात. दोन्ही बाजूंस वीस मिलिमीटरची चकती घातली, की चाकांमधील अंतर चाळीस मिलिमीटरने वाढते. हौस तशी स्वस्तातली. परंतु तिची पूर्ण किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकास पडल्याखेरीज राहत नाही.

प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी ताम्हिणी घाट उतरत असता स्टेअरिंग थरथरू लागले. गाडी कडेला घेऊन पाहतो तो पुढच्या एका चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते. चकत्या बसवून जेमतेम आठवडा झाला होता; त्यानंतर नटांना कोणी पाना लावलेला नव्हता. समोरून एस.टी. येत होती. चाक निखळते, तर त्या हौसेची किंमत तीतील उतारूंनी मोजली असती. सौद्यात सहभागी नसलेल्यांवर पडणाऱ्या अशा खर्चाचे विवेचन पिगू यांनी १९२० सालीच आपल्या ग्रंथात केले आहे.

वस्तुतः यातील यंत्रशास्त्र गूढ नाही. चाक बोल्टांवर लोंबकळत नसते. नट आवळल्याने निर्माण होणाऱ्या दाबामुळे ते हबला घट्ट धरून राहते. म्हणून हबवरील गंज व माती खरवडून पृष्ठभाग स्वच्छ केलाच पाहिजे. चकतीचे मधले छिद्र हबच्या मापाशी तंतोतंत जुळावे. चकतीच्या जाडीइतकी बोल्टची लांबी वाया जाते. सबब लांब बोल्ट, किंवा स्वतःचे बोल्ट असलेली जाड चकती हवी. किमान बोल्टच्या व्यासाइतकी लांबी आट्यांत गुंतली पाहिजे: बारा मिलिमीटरचा बोल्ट व दीड मिलिमीटरचा आटा असेल, तर आठ पूर्ण फेरे. नट समोरासमोरचे, क्रमाक्रमाने, टॉर्क रेंचने, उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. एकावर एक दोन चकत्या कदापि घालू नयेत. स्टेअरिंग पूर्ण वळवून व गाडी भरून टायर कोठे घासत नाही ना, हे पाहावे. एवढे करूनही बेअरिंगवरचा भार वाढतो तो वाढतोच.

मग हे होत का नाही? मेकॅनिकला मजुरी मिळते ती चकती बसविण्याची. नट पुन्हा तपासण्याची नव्हे. गिऱ्हाइकाला चकचकीत चाक दिसते, आतले आटे दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याचे दाम कोणी देत नाही, आणि ज्याचे दाम मिळत नाही ते काम कोणी करीत नाही. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नव्हे.

कायदा नाही, असेही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ५२ वे कलम मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. परंतु चाकाआडची चकती रस्त्यावरील शिपायाला दिसणार कशी? जर्मनीत अशा सुट्या भागांना तांत्रिक चाचणीचा दाखला लागतो, आणि आवश्यक तेथे तो बसविल्यावर गाडी अधिकृत तपासनिसाला दाखवावी लागते. आपल्याकडे चकती दुकानात उघड विकली जाते. बसविणारा व बसवून घेणारा मात्र कायद्याच्या नजरेआड राहू पाहतात. अशा चोरट्या कामात काळजीचाच पहिला बळी जातो.

तेव्हा शासनाने विक्री तरी रोखावी, नाही तर दाखला आणि तपासणी यांची व्यवस्था तरी करावी. तोवर तरुण मित्रांना सल्ला एकच: कंपनीने दिलेले चाक आहे तेथेच राहू द्यावे. आणि ज्यांनी चकत्या आधीच बसविल्या आहेत, त्यांनी हा अंक खाली ठेवून प्रथम नट तपासून घ्यावेत.