औषध धरावें कीं सोडावें?

गेल्या माघांत कामानिमित्त कोल्हापुरास जाणें झालें, तेव्हां अक्काच्या आग्रहास्तव दोन दिवस पेठ वडगांवास राहिलों. उतरलों तो दिवस नेमका बाजाराचा. वडगांवचा जनावरांचा बाजार पंचक्रोशींत नांवाजलेला; दाव्यांना बांधलेल्या बैलांमधून वाट काढीतच घर गांठावें लागलें. एका व्यापाऱ्यापाशीं सारख्या वयाचे दोन खोंड उभे होते. एकाचें वशिंड उंच, मान भरलेली, नजर तिखट. दुसरा अंगानें सडपातळ व स्वभावानें मवाळ. मी निरखून पाहतों आहें असें दिसतांच व्यापारी म्हणाला, "तो अंडील, हा बडवलेला."

शेतकऱ्यास जें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, त्याचा नीट उलगडा व्हावयास 1935 साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ऍमस्टरडॅम येथें एर्न्स्ट लाकेर ह्यांच्या मंडळींनीं वळूंच्या सुमारें 100 किलो वृषणांपासून अवघें 10 मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य काढलें व त्याचें नांव टेस्टोस्टेरॉन असें ठेवलें. त्याच वर्षीं बुटेनांट व रुझिच्का ह्यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि 1939 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्या दोघांत वांटलें गेलें. हा सगळा इतिहास त्याच रात्रीं अक्काच्या ओटीवर उपयोगी पडेल, ह्याची मात्र मला कल्पना नव्हती.

जेवणें आटोपल्यावर मेहुण्यांनीं विषय काढला. त्यांचें वय 64. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपूर्वीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पियूषिका ग्रंथीवर गांठ आली, ती शस्त्रक्रियेनें काढली, आणि तेव्हांपासून दर बारा आठवड्यांनीं ते टेस्टोस्टेरॉनचें इंजेक्शन घेतात. "आतां पुरे करावें म्हणतों," ते म्हणाले. "ह्या वयांत मला काय करावयाचें आहे तें औषध? शिवाय रक्त घट्ट झालें आहे म्हणे." अक्का कांहीं बोलली नाहीं, पण गेल्या वर्षीं एक इंजेक्शन लांबलें तेव्हां हे दुपारभर भिंतीकडे तोंड करून निजून असत, हें तिनें मला आधींच सांगितलें होतें.

थोड्या वेळानें सूनबाई एक कागदांची पिशवी घेऊन आली. "मामा, ह्यांचेहि कागद पाहतां का?" माझा भाचा तेहतीस वर्षांचा, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत नोकरीस. अडीच वर्षांपूर्वीं त्याला सारखा थकवा वाटूं लागला. व्यायामशाळेंतल्या ओळखीनें कोणीसें त्याचें रक्त तपासून आणविलें, "तुझें पुरुषद्रव्य कमी आहे" असें सांगितलें, आणि दर तीन आठवड्यांनीं इंजेक्शन सुरू केलें. लग्नास तीन वर्षें झालीं होतीं, मूल नव्हतें. तपासण्या झाल्या त्या सगळ्या सूनबाईच्या. त्याच्या वीर्याची तपासणी नुकतीच, तिच्या हट्टावरून झाली होती. त्यांत शुक्रजंतु शून्य.

"तें औषध थांबवावें असें मी म्हणतें," ती म्हणाली. "पण इंजेक्शन आठ दिवस लांबलें तरी ह्यांचा जीव जातो. म्हणतात, पाहिलेंस ना, मला त्याची गरजच आहे."

वाचक हो, एकाच घरांत दोन पुरुष, औषध एकच. ज्यानें तें घेत राहावें तो सोडूं पाहत होता, आणि ज्यानें सोडावें तो धरून बसला होता. अशीं घरें अलीकडे पुष्कळ झालीं आहेत, म्हणून ही हकीकत सविस्तर देत आहें.

शरीरांतली व्यवस्था घरच्या चुलीसारखी आहे. पियूषिका ग्रंथि ही घरची कर्ती बाई, ती रक्तांत किती टेस्टोस्टेरॉन आहे तें पाहते आणि कमी वाटलें कीं वृषणांस हुकूम सोडते, चूल पेटते. बाहेरून रोज भरलेला डबा येऊं लागला, तर ती म्हणते, "आज स्वयंपाक नको." चूल थंड पडते. वृषणें लहान होतात व शुक्रजंतूंची उत्पत्ति थांबते. कारण शुक्रजंतूंस वृषणाच्या आंत रक्ताच्या कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतें, आणि तें इंजेक्शनानें तेथें पोंचत नाहीं. हें इतकें ठाम आहे कीं, पुरुषांसाठीं संततिनियमनाचा उपाय म्हणून ह्याच द्रव्याचे प्रयोग झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1990 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आठवड्यास 200 मिलिग्रॅम घेणाऱ्या बहुसंख्य निरोगी पुरुषांचें वीर्य शुक्रजंतुरहित झालें होतें. मूल हवें असणाऱ्या माणसास हें औषध देणें म्हणजे पाळणा बांधावयाचा आणि दोरी कापावयाची, असें आहे. माझ्या भाच्यास हें कोणीं सांगितलेंच नव्हतें.

आतां त्याची "गरज". डबा अचानक बंद झाला तर चूल पुन्हां पेटेपर्यंत घरांत उपासमार होणारच. ती भूक खरी असते. पण चूल मोडली होती, असा तिच्यावरून निष्कर्ष निघत नाहीं. इंजेक्शन लांबल्यावर येणारा थकवा, उदासपणा व इच्छेचा अभाव हीं खरीं दुखणीं आहेत. परंतु औषधापूर्वीं आजार होता, ह्याचा तीं पुरावा नव्हेत. पुरावा पहिल्या कागदावर शोधावयाचा असतो. भाच्याचा पहिला कागद मीं पाहिला. तपासणी एकच, तीहि रात्रपाळी करून आल्यावर दुपारीं, जेवणानंतर. ह्या द्रव्याचें प्रमाण सकाळीं अधिक व दिवस चढेल तसें कमी होतें. जेवण, जागरण, ताप, वाढलेलें वजन ह्या सर्वांनीं तें उतरतें. म्हणून सकाळीं, उपाशीपोटीं, निरनिराळ्या दोन दिवशीं मोजून दोन्ही वेळां कमी भरलें, आणि लक्षणेंहि जुळलीं, तरच रोग म्हणावा, असा तज्ज्ञांचा नियम आहे. कमी म्हणजे साधारणतः एका डेसिलिटरास 300 नॅनोग्रॅमच्या खालीं. त्यापुढें दोष वृषणांत आहे कीं पियूषिकेंत, हें शोधण्याच्या तपासण्या वेगळ्या. भाच्याच्या बाबतींत ह्यांतलें कांहींच झालें नव्हतें.

"पण मला बरें वाटत होतें, मामा," तो म्हणाला. त्यास मीं ब्राउन-सेकार ह्यांची गोष्ट सांगितली. 1889 सालीं, वयाच्या 72 व्या वर्षीं, ह्या नामांकित शास्त्रज्ञांनीं कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचें पॅरिसच्या विद्वत्सभेंत सांगितलें. त्या पाण्यांतल्या अर्कांत टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतेंच, हें पुढें सिद्ध झालें. त्यांस बरें वाटलें तें विश्वासानें! खऱ्या द्रव्याचीहि कसोटी लागली आहे. 65 वर्षांवरील, प्रमाण कमी असलेल्या 790 पुरुषांवर अमेरिकेंत झालेल्या परीक्षणाचे निष्कर्ष 2016 सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत कामेच्छेंत मध्यम सुधारणा दिसली. परंतु थकवा व उत्साह ह्यांत नांव घेण्याजोगा फरक पडला नाहीं. निव्वळ थकव्यावर हा उतारा नव्हे. भाच्याचें दुखणें मला तरी रात्रपाळी, पांच तासांची तुटक झोप आणि वाढलेलें पोट ह्यांत दिसलें.

मेहुण्यांची गोष्ट अगदीं उलट. त्यांची कर्ती बाईच शस्त्रक्रियेंत गेली. चुलीस हुकूम देणारें कोणी उरलें नाहीं. त्यांचा डबा जन्माचा. त्यांनीं तो सोडला तर काय जाईल? केवळ शृंगार नव्हे. हाडें ठिसूळ होतील, स्नायु झडतील, रक्त कमी होईल, मन खचेल. "ह्या वयांत कशाला" ह्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, चालतां यावें, पडलें तर हाड मोडूं नये आणि सकाळीं उठावेंसें वाटावें, म्हणून. मधुमेह्याचें इन्शुलिन जसें, तसें त्यांचें हें औषध. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पियूषिकेच्या रोग्यास कॉर्टिसोलच्या व थायरॉइडच्या ज्या गोळ्या असतात, त्या तर मनानें एक दिवसहि बंद करूं नयेत. तेथें जिवावरचा प्रसंग असतो.

राहिली रक्ताची गोष्ट. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवितें. रक्तांत त्यांचें प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, शेंकडा 54 च्या वर गेलें कीं औषध थांबवून तें उतरूं द्यावें आणि मग कमी मात्रेनें पुन्हां सुरू करावें, असा नियम आहे. मेहुण्यांचें 55 होतें. परंतु कारण एकटें औषध नव्हतें. दुसऱ्या खोलींत निजलों असतांना त्यांचें घोरणें मीं ऐकलें. मध्येंच श्वास अडे, आणि मग दचकून पुन्हां सुरू होई. झोपेंत असा श्वास अडल्यानेंहि रक्त घट्ट होतें, आणि टेस्टोस्टेरॉननें तें अडणें वाढूं शकतें. तेव्हां सोडण्याआधीं करावयाच्या गोष्टी पुष्कळ आहेत: झोपेची तपासणी, जरूर तर रात्रीं नाकावर लावावयाचें हवेच्या दाबाचें यंत्र, धूम्रपान असल्यास बंद, दोन इंजेक्शनांतलें अंतर वाढविणें, किंवा इंजेक्शनाऐवजीं कातडीवर लावावयाचें जेल.

इंजेक्शनांतहि प्रकार आहेत. दोन-तीन आठवड्यांचें जें असतें, त्यानें पहिल्या दिवसांत प्रमाण फार चढतें व शेवटीं फार उतरतें. चिडचिड व मरगळ ह्यांची पाळी लागते आणि रक्तहि अधिक घट्ट होतें. लांब मुदतीचें 1000 मिलिग्रॅमचें इंजेक्शन एरंडेल तेलांत कालविलेलें असतें. तें कमरेखालीं सावकाश द्यावें लागतें, व दिल्यावर अर्धा तास दवाखान्यांत बसावें, कारण क्वचित् तेलाचा सूक्ष्म अंश फुप्फुसांत जाऊन खोकल्याची उबळ येते. जेलमध्यें चढउतार थोडा. पण लहान मुलें असलेल्या घरांत मोठी खबरदारी हवी. जेल लावल्यावर हात साबणानें धुवावे, ती जागा कपड्यानें झांकावी, आणि त्या उघड्या अंगानें मुलास किंवा बाईस जवळ घेऊं नये. बापाच्या कातडीवरून तान्ह्या लेकराच्या अंगांत औषध गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत.

हृदयाचें भय पुष्कळांस वाटतें. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणांत, हृदयरोग किंवा त्याचा धोका असलेल्या 5,000 हून अधिक पुरुषांपैकीं टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात वा तज्जन्य मृत्यु शेंकडा 7.0 झाले, आणि नुसतें जेल लावणाऱ्यांत 7.3. म्हणजे त्या बाबतींत भीति फोल ठरली. तथापि हृदयाचे अनियमित ठोके, मूत्रपिंडाचा अचानक बिघाड व फुप्फुसांत रक्ताची गुठळी हीं औषध घेणाऱ्यांत थोडीं अधिक आढळलीं. म्हणून आरंभीं, मग तीन ते सहा महिन्यांनीं, आणि पुढें वर्षास एकदां रक्त, रक्तदाब व पुरःस्थ ग्रंथीची पीएसए तपासणी करावी. पायास सूज, दम किंवा छातींत धडधड झाल्यास वाट पाहूं नये. स्त्रीदेहानें जन्मून पुरुष म्हणून जगणारे जे हें औषध घेतात, त्यांचा हेतु वेगळा व निर्णयहि वेगळा. परंतु रक्तावरील देखरेखीचा नियम त्यांसहि लागू आहे, आणि ह्या औषधानें गर्भ राहत नाहीं, असें त्यांनीं समजूं नये.

दुसऱ्या दिवशीं दोघांसहि मीं अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे धाडलें. भाच्यास एकच गोष्ट बजावली: पुढचे कांहीं महिने वाईट जातील हें आधींच धरून चाल. निरोगी पुरुषांवरील प्रयोगांत औषध थांबविल्यावर शुक्रजंतूंची संख्या सहा महिन्यांत सुमारें दोन-तृतीयांश जणांत व वर्षांत शेंकडा 90 जणांत पूर्ववत् झाली. कोणास दोन वर्षें लागलीं. कांहींस वृषणें चेतविणारें दुसरें औषध देतात. तें तज्ज्ञानें ठरवावें. सूनबाईस सांगितलें, "ह्या काळांत तो चिडेल, गप्प बसेल. तें चूल पेटण्याआधींचें धुराचें समज. पण अगदींच निराश बोलूं लागला, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांकडे ने."

आश्विनांत अक्काचें पत्र आलें. मेहुणे रात्रीं यंत्र लावून निजतात, इंजेक्शन चौदा आठवड्यांवर नेलें आहे, रक्त 50 वर आलें. भाच्यानें चैत्र-वैशाख कसेबसे काढले. दोनदां औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन परत आला. रात्रपाळी मागून बदलून घेतली. सकाळीं दोनदां मोजलेलें प्रमाण आतां ठीक भरलें, आणि सातव्या महिन्याच्या तपासणींत शुक्रजंतु दिसले. थोडे, पण दिसले. पाळणा अद्याप हललेला नाहीं. थकवाहि सगळा गेला नाहीं, असें तो स्वतः लिहितो. परंतु त्याखालीं सूनबाईच्या अक्षरांत एक ओळ होती: "आतां तपासणीस आम्ही दोघें मिळून जातों."

असो. ज्याच्या घरीं हें औषध आहे त्यानें आज एवढेंच करावें: कपाटांतला पहिला कागद काढावा, आणि औषध कोणत्या रोगासाठीं सुरू झालें तें त्यावर लिहिलेलें आहे का, तें पाहावें. लिहिलेलें असेल, तर भिऊन सोडूं नये. नसेल, तर भिऊन धरूं नये.