रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि गोंदियातील अंतरे

शस्त्रक्रिया नागपुरात होते, गोळी तालुक्याच्या औषध दुकानात मिळते आणि रक्ताचा अहवाल मात्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी रेंगाळत राहतो. हृदयाची झडप बदललेल्या किंवा संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील रुग्णांची अडचण थोडक्यात सांगावयाची तर ती एवढीच आहे. एवढीच, पण जिवावर बेतणारी!

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०१६ पासून गोंदिया शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे गरीब कुटुंबातील माणसाच्या हृदयाची शस्त्रक्रियाही होऊ शकते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी धानाची शेती विकूनसुद्धा ती अनेकांना परवडत नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली स्वदेशी झडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली आणि झडपेची किंमतही आवाक्यात आली. हे सारे मोठे यश आहे. पण धातूची झडप बसविलेल्या माणसाला जन्मभर वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल ही गोळी घ्यावी लागते. योजनेत शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याची काही तरतूद आहे खरी. गोळी मात्र आयुष्यभराची आहे.

या गोळीचा इतिहासही विलक्षण आहे. अमेरिकेत कुजका चारा खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे केले. त्यातून पुढे तयार झालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांवरील उपचारात वापरले जाऊ लागले. जे द्रव्य प्रमाणात औषध आणि प्रमाणाबाहेर विष, ते प्रमाण ठरविण्यासाठी आयएनआर ही तपासणी आहे. साधारणपणे हा आकडा २ ते ३ या दरम्यान ठेवतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास थोडा वर, २.५ ते ३.५. आकडा खाली गेला की झडपेवर गुठळी धरण्याचा आणि अर्धांगवायूचा धोका; फार वर गेला की मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव.

हा आकडा स्थिर राहत नाही, हीच खरी अडचण. पावसाळ्यात आपल्या झाडीपट्टीत ताटात पालेभाज्यांची रेलचेल होते; हिरव्या पानांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून भाजी सोडावयाची नसते, ती वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खावयाची असते. (भाजी पूर्ण बंद करा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे.) क्षयरोगावरील रिफाम्पिसिन सुरू झाले की आकडा खाली येतो आणि ते थांबले की वर चढतो. जुलाबावर दिली जाणारी मेट्रोनिडाझोलची गोळी आकडा वाढविते. रोवणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी पोटातून रक्तस्राव घडवू शकते. प्रत्येक वेळी तपासणी लवकर व्हावयास हवी आणि तिचे उत्तर त्याहून लवकर मिळावयास हवे.

आता केशोरी परिसरातील एखादी विधवा डोळ्यांसमोर आणा. अर्जुनी मोरगाव गाठावयाचे, तेथून बल्लारशा मार्गावरील रेल्वेने किंवा एसटीने गोंदियाला यावयाचे. एका रक्ताच्या बाटलीसाठी मजुरीचा दिवस बुडतो. दुसऱ्या दिवशी अहवालासाठी पुन्हा तेच. देवरी, सालेकसा, दरेकसा या भागांतील चित्र फार वेगळे नाही. राज्यात २०१७ मध्ये ‘महालॅब’ सेवा सुरू झाली, शासकीय केंद्रांतून नमुने गोळा करून प्रयोगशाळेत नेण्याची पद्धत रुजली, हे स्वागतार्हच. परंतु ही तपासणी साखरेच्या तपासणीसारखी सोशीक नाही. सायट्रेट असलेली नळी खुणेपर्यंत भरली नाही तर निकाल चुकतो, आणि नमुना २४ तासांच्या आत, तोही फार तापू न देता, तपासला जावा लागतो. मे महिन्यात विदर्भाच्या रस्त्यावरून तो प्रवास कसा होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

तरीही नमुन्याचा प्रवास ही अर्धीच कथा होय. आमच्या मते त्याहून मोठी उणीव पुढे आहे. आकडा ४.८ आला, मोबाइलवर संदेशही आला. आता गोळी कमी कोणी करावयाची? नागपूरच्या तज्ज्ञाने लिहून दिलेली मात्रा बदलण्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टर कचरतात, तज्ज्ञाची पुढची तारीख दोन महिन्यांनी असते आणि रुग्ण जुनीच मात्रा घेत राहतो. मात्रा बदलल्याचा परिणाम दिसावयास दोन-तीन दिवस लागतात, म्हणून विलंबाचा प्रत्येक दिवस दुप्पट महाग पडतो.

‘नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना तपासणी लागत नाही,’ असे कोणी म्हणेल. इतर अनेक रुग्णांसाठी ते खरे आहे. धातूच्या झडपेसाठी मात्र नाही: डॅबिगाट्रानची चाचणी अधिक गुठळ्या व अधिक रक्तस्राव दिसल्याने थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने झडप बिघडून हृदयाची लय चुकणाऱ्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरील ‘इन्व्हिक्टस’ अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला; आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील त्या रुग्णांत नव्या रिव्हरॉक्साबानपेक्षा जुन्याच औषधाने मृत्यू कमी झाले. लक्षणीय बाब ही की अभ्यासाच्या आरंभी केवळ एकतृतीयांश रुग्णांचा आकडा योग्य मर्यादेत होता. नियमित तपासणी व पाठपुराव्यानंतर हे प्रमाण ५६ ते ६५ टक्क्यांवर गेले. माणसे तीच, गोळी तीच. बदलली ती देखरेख!

म्हणून मागणी मोठ्या यंत्राची नाही. बोटाच्या टोकाच्या रक्तथेंबावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारे हातातील यंत्र उपलब्ध आहे. त्याची एक पट्टी काहीशे रुपयांना पडते. गोंदियाला दोन खेपा घालण्यात बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च यांच्याशी तिची तुलना करून पाहावी. रक्त फारच कमी असलेल्या रुग्णांत हे यंत्र फसू शकते. सिकलसेलग्रस्त विदर्भात हे ध्यानी ठेवावे लागेल आणि अशांसाठी नळीतील नमुनाच हवा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातील एक ठरलेला दिवस, शक्यतो आठवडी बाजाराचा, या रुग्णांसाठी राखून ठेवता येईल. मात्रा किती बदलावी याचा लेखी तक्ता वैद्यकीय महाविद्यालयाने तयार करून सहीनिशी पाठवावा, म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांना धीर येईल. शंका आल्यास फोन कोणाला करावयाचा, तो क्रमांकही त्याच तक्त्यावर असावा.

तोवर रुग्णांनी तारीख, आकडा आणि मात्रा लिहिलेली वही जवळ बाळगावी. काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारा हिरड्यांचा रक्तस्राव, अचानक प्रचंड डोकेदुखी, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास अहवालाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. आणि मुलाबाळांचा विचार करणाऱ्या, धातूची झडप असलेल्या तरुणींनी गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण ही गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि ती आपण होऊन बंद केली तर आईचा जीव धोक्यात येतो.