खोकल्याला ‘लिव्हो’ मागण्याआधी

परवा रात्री पावणेदहाला शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात एक मुलगी दुकानात आली. हातात गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीनं कापलेला तुकडा. त्यावर नावाची शेवटची चार अक्षरं आणि ५०० हा आकडा, एवढंच शिल्लक. ‘काका, या पाच द्या. सासऱ्यांची छाती भरलीय. मागच्या थंडीत याच गोळीनं गुण आला होता.’ चिठ्ठी नव्हती. सासरे एकाहत्तर वर्षांचे. मधुमेहाची गोळी चालू. दमा उसळला की स्टेरॉईड. किती दिवस खोकताहेत? ‘झाले की तीन आठवडे.’

त्या पाच गोळ्या मी दिल्या नाहीत. ती रागावून गेली. घरात म्हातारं माणूस रात्रभर खोकतंय आणि हा मेडिकलवाला नाही म्हणतो, राग येणारच. पण तिला काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथं सांगतो. तुम्हीही ऐका. तुमच्या घरातही असा एखादा कापलेला तुकडा असेल.

त्या गोळीचं नाव लिव्होफ्लॉक्सासिन. दुकानात सगळे ‘लिव्हो’ म्हणतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन तिचीच बहीण. औषध वाईट नाही, हे आधी सांगतो. नीट तपासून, फोटो काढून, न्यूमोनियाला दिलेली हीच गोळी माणूस उठवून बसवते. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून ती दिली असेल तर घाबरून बंद करू नका. माझं भांडण आहे ते ‘एक पॉवरची गोळी द्या हो’ या वाक्याशी.

कारण साध्या खोकल्याला ती लागतच नाही. सर्दीनंतरचा खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो, आणि विषाणूला कुठलंच अँटिबायोटिक मारत नाही. असा खोकला दोन-अडीच आठवडे रेंगाळतो आणि आपला आपण जातो. तुम्ही दहाव्या दिवशी लिव्हो घेता, पंधराव्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय गोळी घेऊन जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्येच बजावलं की साध्या ब्राँकायटिसला आणि सायनसला दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नका, फायद्यापेक्षा धोका मोठा आहे. ब्रिटननं जानेवारी २०२४ मध्ये आणखी आवळलं: नेहमीची दुसरी अँटिबायोटिक्स चालणार नसतील तरच. आपल्याकडे मात्र ती खोकल्याच्या गोळीसारखी मागितली जाते.

आणि मागितली की मिळते. खोटं कशाला बोलू, एके काळी मीही दिली आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते, रोज पहाटे टेकडीवर जाणारे. सोबत दम्याचं स्टेरॉईड चालू आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी घराच्या जिन्यात त्यांना वाटलं, मागून कुणी पायावर काठी मारली. वळून पाहिलं तर कुणीच नाही. टाचेवरची, घोट्यामागं दोरीसारखी हाताला लागते ती जाड शीर तुटली होती. साठीच्या पुढचं वय, स्टेरॉईड आणि ही गोळी, तिन्ही एकत्र आलं की हा धोका वाढतो, हे औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते मी वाचलेलं होतं. ते ड्रायव्हर पुन्हा टेकडीवर गेले नाहीत. दुकानात येतात, माझ्याशी चांगलं बोलतात. त्याचंच जास्त लागतं.

म्हणून डॉक्टरांसमोर बसलात की गप्प बसू नका. सांगा. वय सांगा. मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे ते सांगा, कारण ही औषधं साखर एकदम खाली आणू शकतात. यांच्यातल्याच गॅटिफ्लॉक्सासिनच्या गोळ्या-इंजेक्शनांवर साखरेच्या अशाच चढउतारांमुळे आपल्या देशात २०११ मध्ये बंदी आली. फिट येते का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, महाधमनी फुगलेली असल्याचं कुणी कधी सांगितलं आहे का, तेही सांगा. नावं आठवत नसतील तर सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. ती पिशवी टेबलावर ओता. लाजू नका. आणि खुशाल विचारा, ‘डॉक्टर, याच्याऐवजी साधं काही चालेल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाही.

गोळी सुरू झाली असेल तर घरातल्यांनी लक्ष ठेवा. टाच किंवा खांदा दुखायला लागला, पाय मुंग्या आल्यासारखे बधिर झाले, आजोबा अचानक काहीबाही बोलायला लागले, तर पुढची गोळी देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. दरदरून घाम आणि थरथर असेल तर प्रथम साखर भरवा. छातीत, पाठीत किंवा पोटात एकाएकी असह्य कळ आली तर फोन करत बसू नका, दवाखाना गाठा. आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही: ॲसिडिटीचं ते गुलाबी पातळ औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आणि लिव्हो एकत्र घेऊ नका. मध्ये दोन तास जाऊ द्या. नाहीतर औषध पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही, आणि तुम्ही म्हणता गोळीला गुण नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. त्या मुलीच्या तोंडचे ‘तीन आठवडे’.

तीन आठवड्यांचा खोकला म्हणजे क्षयाची शंका घ्यायलाच हवी. आणि लिव्हो क्षयाच्या जंतूवरही चालते. पुरती नाही, अर्धवट. ताप उतरतो, खोकला दबतो, माणूस जेवायला लागतो. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. जंतू मेलेला नसतो, दबा धरून बसलेला असतो. थुंकी तपासली तरी कधी कधी हाती लागत नाही. महिना जातो, दोन महिने जातात. तोवर आजोबा त्याच खोलीत निजतात, नातवाला मांडीवर घेऊन गोष्टी सांगतात, त्याच्या तोंडाजवळ खोकतात. पाच गोळ्यांनी आजोबांचा आजार झाकला आणि नातवाच्या उशाशी आणून ठेवला.

पुढचं तर याहून वाईट. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय झाला की याच गोळ्यांचा आधार असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं अशा क्षयासाठी चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार मान्य केला. त्यातलं एक मॉक्सिफ्लॉक्सासिन. खोकल्या-खोकल्याला ही गोळी खाऊन जंतू तिला आधीच सरावला असेल, तर रुग्णाच्या हातातली एक काठी उपचार सुरू होण्याआधीच मोडलेली असते.

हे तुम्ही थांबवू शकता. मंत्र्यानं नाही, तुम्ही. आज रात्री तो औषधांचा डबा उघडा, फ्रीजवर ठेवलेला असतो तो. उरलेली अँटिबायोटिक्स बाजूला काढा. शेजारणीला देऊ नका. ‘पुन्हा लागेल’ म्हणून ठेवू नका. पाकिटावरची तांबडी चौकट बघा. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि १ मार्च २०१४ पासून विकलं की आम्ही रजिस्टरमध्ये तुमचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. तेव्हा मेडिकलवाल्याला गळ घालू नका. तो चिठ्ठीशिवाय द्यायला तयार झाला तर तुम्हीच नको म्हणा. औषधाचा त्रास झालाच, तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवा, फोन फुकट आहे.

ती मुलगी काल पुन्हा आली. सासऱ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं होतं म्हणाली, थुंकी घेतली आहे, निकाल यायचा आहे. राग थोडा बाकी होता.

तुमच्या घरी कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर निकालाची वाट तुम्हीही बघा, अंदाजाची नको. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात. कुठं जायचं कळत नसेल तर १८००-११-६६६६ वर विचारा. उद्याच निघा. तपासणीला सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका लागतो. नुसती लाळ चालत नाही.