टीव्हीचे तोंड कुणीकडे?

घरात नवा टीव्ही घ्यायचा ठरला की चर्चा होते ती किती इंचांचा, कोणत्या कंपनीचा आणि हप्ता किती याची. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न बसवणारा माणूस ड्रिल घेऊन दारात उभा राहिला की आठवतो. मग कोणीतरी म्हणते, "इथे छान दिसेल," आणि दोन मिनिटांत भिंतीला भोके पडतात. माझे म्हणणे असे की कोकणातल्या घरात तरी हा निर्णय दोन मिनिटांचा नाही. टीव्ही कुठे दिसेल यापेक्षा तो कोणाला दिसेल, हे आधी ठरवायला हवे.

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनाही हा प्रश्न पडतोच, पण त्याचे कारण वेगळे. तिथल्या जुन्या पद्धतीच्या दिवाणखान्यात भिंतीतच शेकोटी बांधलेली असते आणि सगळी बैठक तिच्याकडे तोंड करून मांडलेली असते. टीव्ही आला की तो कुठे ठेवायचा? बहुतेकजण तो शेकोटीच्या वर टांगतात. मग जाळाची धग संचाला लागते आणि वर बघून बघून माणसांच्या माना अवघडतात. 'फोकस' हा शब्द मुळात लॅटिन भाषेतला, आणि तिथे त्याचा अर्थ चूल किंवा शेकोटी असाच आहे. किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूला केप्लरने १६०४ साली हे नाव दिले. घरातली माणसेही अशीच एका जागी एकत्र येतात.

आपल्या रत्नागिरीत शेकोटीच्या भिंतीची गरज कधी पडली नाही. पण घराला तोंड असते, ते आपल्याकडेही. किंबहुना दोन तोंडे असतात. ओटीचे तोंड अंगणाकडे, वाटेकडे. झोपाळ्यावर बसलेल्याला फाटकातून येणारा माणूस आधी दिसला पाहिजे, अशीच तिची रचना. माजघराचे तोंड आत, देवघराकडे आणि स्वयंपाकघराकडे. घरातल्या बायकांचा दिवस तिथे जातो. निवडणे-टिपणे, वाती वळणे, दुपारी जरा आडवे होणे, सगळे तिथेच.

टीव्ही पहिल्यांदा ओटीवर आला, ते योग्यच होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्या गावांपर्यंत चित्र पोहोचायला आणखी बरीच वर्षे लागली. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा वाडीत एखाद्याच घरी संच असायचा आणि सगळी वाडी तिथे जमायची. इतकी माणसे ओटीवरच मावणार! तो संचही पाठीला पोक असलेला, म्हणून कोपऱ्यात स्टुलावर बसायचा. गणपती आले की मखरासाठी दोघे मिळून त्याला उचलत आणि दुसरीकडे नेऊन ठेवत. टीव्ही हा घरातला पाहुणा होता, सांगितले की उठायचा.

आताचा चपटा टीव्ही उठत नाही. तो भिंतीला ठोकलेला असतो. वाडीही आता बघायला येत नाही, कारण प्रत्येकाकडे आपापला आहे आणि तरुणांच्या हातात तर मोबाइल आहे. जिथे मुले मुंबई-पुण्याला आहेत, तिथे दिवसभर टीव्ही पाहणारे उरतात ते घरातले एक-दोन वृद्ध. तरीही आपण तो ओटीवरच लावतो, कारण आल्यागेल्याला तो दिसतो.

आमच्या शेजारच्या काकू एकट्याच राहतात. गणपतीला आलेल्या मुलांनी मोठ्या हौसेने त्यांना नवा टीव्ही आणला आणि ओटीच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर बसवून दिला. काकूंचा दिवस माजघरात जातो. गुडघ्यांमुळे उंबरठा ओलांडणेही त्यांना जड जाते. मी विचारले, तर म्हणाल्या, "आवाज येतो की आत, पुरे झाला." मुलांच्या प्रेमात काही कमी नव्हते. पण आई दिवसभर कुठे बसते, हे कोणी विचारले नाही.

हिशेब तसा साधा आहे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा. खुर्चीत बसणाऱ्यासाठी ती जमिनीपासून साधारण साडेतीन फूट, खाली बसणाऱ्यासाठी त्याहून फूटभर कमी. ४३ इंची संचासाठी साडेपाच ते सात फुटांचे अंतर पुरते, म्हणजे माजघर लहान पडत नाही. समोर खिडकी किंवा उघडे दार असले की पडद्यावर उजेड चकाकतो. ओटीवर हे होणारच, माजघरातल्या अंधुक उजेडात ते होत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात, पावसाचा मारा खाणारी जांभ्याची बाहेरची भिंत ओल धरते. तिच्यापेक्षा आतली भिंत बरी. आणि वीज कडाडू लागली की प्लग व केबल काढता येईल, असा हात तिथे पोहोचला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, माजघरात टीव्ही म्हणजे देवघराशेजारी मालिकांचा गोंगाट. आक्षेप खरा आहे. म्हणून देवघराच्या भिंतीवर किंवा नेमका त्याच्या समोर तो नको; आणि पूजेच्या वेळी बंद करायला एक बटण असतेच. पण देवाला शांतता हवी म्हणून आजीने भिंतीआडून नुसता आवाज ऐकावा, हा न्याय देवालाही पटणार नाही.

शिवाय टीव्ही आत गेला की ओटी मोकळी होते. आज पाहुणा येतो तेव्हा यजमानाची पाठ त्याच्याकडे आणि तोंड पडद्याकडे असते. "या, बसा," हेही जाहिरात लागल्यावर म्हटले जाते. ओटीचे तोंड पुन्हा वाटेकडे व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा यंदा गणपतीला गावी जाल आणि घरी नवा संच न्याल, तेव्हा भिंत नंतर निवडा. आधी एक दिवस आई कुठे बसते, कुठे टेकते, कोणत्या कुशीवर झोपते, ते नुसते बघा. टीव्हीचे तोंड कुणीकडे असावे, ते तिथेच कळेल.