दुखत नाही, हेच दुखणं

परवा मोहोळला गेलो होतो. ओट्यावर अण्णांशी (माझे थोरले काका) गप्पा मारताना त्यांच्या तळपायाकडे लक्ष गेलं. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, फुटलेला.

"अण्णा, हे काय?"

"कुठं काय? लागलं आसंल कायतरी. दुखत न्हाई बघ."

आदल्या दिवशी ते भर दुपारी अनवाणी देवाला जाऊन आले होते. आमच्याकडची मे महिन्यातली फरशी ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. बाकीचे उड्या मारत सावली गाठत होते आणि अण्णा शांतपणे चालत होते. लोकांना वाटलं, काय ही भक्ती!

अण्णांना पंधरा वर्षं साखर आहे. दोन वर्षांपासून पायाला मुंग्या येतात. त्यावर घरचे उपाय म्हणजे तेल चोळणं आणि गरम पाण्याचा शेक. ज्या पायाला चटका कळत नाही त्यालाच शेक!

मला वाटतं, आपलं इथेच चुकतं. दुखलं की आपण डॉक्टरकडे पळतो, बधिर झालं की "शीर दबली असेल" म्हणून सोडून देतो. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या दोन मिनिटांत जातात, ती गोष्ट वेगळी. रोज येत असतील तर कारण शोधायलाच हवं. मधुमेहात बधिरपणा बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून वर चढतो, मोजे घातल्यासारखा. बी-१२ कमी असलं तरी असंच होतं. शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, दोघांनीही ते तपासून घ्यावं. कंबरेतून एकाच पायात कळ उतरत असेल तर मणक्याकडे बघावं. कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो बरा होतो. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला किंवा बधिरपणाबरोबर लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र तासभरही थांबू नये.

बी-१२ वेळेवर मिळालं तर बराच फरक पडतो. साखरेने गेलेली संवेदना सहसा पूर्ण परत येत नाही, पण साखर ताब्यात ठेवून पुढचं नुकसान कमी करता येतं. आणि पाय वाचवता येतो. रोज रात्री तळवे बघायचे, अनवाणी फिरायचं नाही, जखम झाली तर लगेच दाखवायची.

अण्णांची जखम आता भरतेय. चपलेवरून थोडी कुरकुर झाली. "देव काय म्हनंल?"

मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या वर्षीही चालत या, असंच म्हणेल."

असो. हे वाचणाऱ्या भावंडांनो, आज रात्री आपापल्या आई-वडिलांचे तळपाय एकदा बघा.