टिचबटणापायी छप्पर

मोटारीतलं मला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. मी बी.ए. मराठीची. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. शिवणाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की मुलींचा शिवणाचा तासही माझ्याच गळ्यात पडायचा. आज जे लिहिते आहे ते त्या शिवणाच्या तासाच्या जोरावर.

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे इंग्लंडला होते. ऑक्सफर्डजवळच्या एका लहान गावात ती राहते. जावयाने तिथे एक जुनी गाडी घेऊन ठेवली आहे. एमजीबी. दोन माणसांची, बुटकी, कापडी छप्पर मागे दुमडून ठेवता येतं अशी. गाडी १९७२ सालची. मी नोकरीला लागले तेही बहात्तर सालीच. आपल्याकडे तेव्हा दुष्काळ होता, शाळेत पोरांना सुकडी मिळायची आणि घरोघरी मिलोच्या लाल भाकऱ्या. त्याच वर्षी जगात कुणीतरी नुसतं वारं खायला अशी गाडी बनवत होतं, याची मला गंमत वाटली. असो.

ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती. पक्क्या छपराचं तिचं भावंड धरून पाच लाखांवर गाड्या तिथून बाहेर पडल्या. १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. ॲबिंग्डन लेकीच्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे जावयाला ती गाडी म्हणजे गावचं दैवतच वाटते.

मी गेले तेव्हा या दैवतावरून घरात अबोला चालू होता. छप्पर लावून गाडी जरा वेगात गेली की मागचा कोपरा सुटून फडफडायचा, पाऊस आत यायचा. गॅरेजवाल्याने सांगितलं, अख्खं छप्पर बदला. तो आकडा ऐकून लेक म्हणाली, एवढ्यात आईचं जाण्यायेण्याचं तिकीट निघतं, त्यापेक्षा गाडी विकून टाक. जावई काही बोलला नाही, पण दोन दिवस नीट जेवलाही नाही. लेकीचंही काही चुकत नव्हतं. घराचे हप्ते आहेत, दोन मुलं आहेत आणि गाडीत माणसं बसतात दोन.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून मी सहज गाडीपाशी गेले. कापड हाताने चाचपून पाहिलं. कापड म्हणजे रेक्झिनसारखंच, जाड. शिवण कुठे उसवली नव्हती, मागच्या प्लॅस्टिकच्या काचेच्या कडाही शाबूत होत्या. गेली होती ती फक्त बटणं! आपण झबल्याला टिचबटण लावतो ना, त्याचीच थोरली भावंडं. डाव्या कोपऱ्यातली दोन आणि उजवीकडचं एक. खुंटी झिजून गुळगुळीत झाली होती आणि वरच्या वाटीतली स्प्रिंग मेली होती. टिच असा आवाजच येत नव्हता. मी जावयाला हाक मारली आणि म्हटलं, "अहो, ब्लाउजचं एक हुक तुटलं म्हणून कुणी ब्लाउज टाकतं का?" तो म्हणाला, "आई, गॅरेजवाला तर म्हणाला की..." मी म्हटलं, "तो छप्परं विकतो. बटणं विकत असता तर बटणं म्हणाला असता."

मग त्याने एकेका बटणाची माहिती काढली. यातल्या एका जातीला 'लिफ्ट द डॉट' म्हणतात. नावातच सगळं आहे. वरच्या टोपीवर एका बाजूला बारीकसा उंचवटा असतो. ती बाजू उचलली तरच बटण सुटतं, बाकी तीन बाजूंनी ओढा, ताणा, ते हलत नाही. वारा छपराला ज्या बाजूने ओढतो तिकडे कुलूप आणि माणसाचं बोट जिथे जाईल तिथे किल्ली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या पिशव्यांनाही हीच बटणं होती. ज्याने हे काढलं त्याला मी शिवणात शंभरपैकी शंभर दिले असते, आणि मी सहसा देत नसे.

पण त्यातही प्रकार. पत्र्यात फिरवायची स्क्रूची खुंटी वेगळी, आट्यांची वेगळी, लाकडात बसणारी वेगळी. शिवाय एका कापडाची खुंटी आखूड आणि एकावर एक दोन कापडं बसवायची असतील तर उंच. जावयाने घाईत उंच मागवल्या. बसवल्यावर कापड पत्र्यापासून अर्ध्या बोटावर तरंगायला लागलं. परत पाठवल्या, आखूड आणल्या. जुनी खुंटी काढली तर भोकाभोवती गंज. तो खरवडून त्याने तिथे रंगाचा हात दिला, खुंटीच्या बुडाला सीलंट लावलं आणि मगच पिळली. हे केलं नाही तर पाणी त्याच भोकातून पत्र्यात उतरतं, आणि मग छपराचं दुखणं अंगावर जातं.

कापडाचं काम माझ्याकडे होतं. जुन्या बटणाने ओढून ओढून भोक फाकलं होतं. त्यावर तसंच नवीन बटण मारलं असतं तर महिन्यात निघालं असतं. आतून रेक्झिनचा दुहेरी तुकडा लावला, कडेने टाके घातले, मग बटणाच्या पायांसाठी बारीक चिरा दिल्या. ते पाय कापडातून आरपार घालून मागच्या चकतीवर वळवून ठोकायचे. ठोकायचं काम जावयाचं, कारण माझ्या बोटांना आता संधिवात आहे. आणखी एक गोष्ट त्या गाडीवाल्या मंडळींना पक्की ठाऊक असते. हे काम थंडीत करायचं नाही. गारठ्यात हे कापड आखडतं, ताणलं तर चिरतं. उन्हात तासभर पसरून ठेवलं की सैल पडतं आणि मग बटणं जागच्या जागी येतात. इंग्लंडात ऊन कधी पडेल याची वाट बघण्यात आमचे आठ दिवस गेले. बटणांचा खर्च म्हणाल तर एका पिझ्झ्याएवढा.

हे सगळं चालू असताना मला राहून राहून आमची स्कूटर आठवत होती. यांनी ती सव्वीस वर्षं चालवली. हे गेले त्यानंतर वर्षभर ती जिन्याखाली उभी होती. भाच्याला द्यावी म्हणून मेकॅनिकला दाखवली, तर गिअरच्या मुठीतला एक लहानसा तुकडा झिजलेला निघाला. तो म्हणाला, मिळत नाही, भंगारात काढा. मी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. भंगारवाल्याने ती वजनावर नेली. बोटाएवढ्या तुकड्यासाठी मी ती घालवली, आणि त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. जावयाला मी जे ऐकवलं, त्यातलं अर्धं मी मलाच ऐकवत होते.

कारखाना बंद होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षं झालेल्या गाडीचं बटण मिळतं. बटणच कशाला, १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था मूळ साच्यांवर या गाडीचा अख्खा नवीन सांगाडा करून विकते आहे. आणि आपल्याकडे कंपनी जिवंत, दुकान जिवंत, पण पाच वर्षांपूर्वीच्या मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग मिळत नाही! याला नुसतं प्रेम कारण नाही. ती बटणं त्या एका गाडीची नव्हतीच. तंबू, होड्या, इतर गाड्या, सगळ्यांना तीच लागतात, म्हणून ती टिकली. आपल्या वस्तूंमध्ये दरवर्षी रिंगचा आकार पाव बोटाने बदलतात. हे मुद्दाम करतात असं माझं मत आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती मिळते, रिंग दुकानातच मिळावी लागते.

जुन्या गाड्यांबाबत आपला कायदा मला आणखी कोड्यात टाकतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. इंग्लंडात चाळीस वर्षं झाली की गाडीचा कर माफ, २०१८ पासून फार फेरफार न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, आणि वापरायची तर रोज वापरा. धूर, गर्दी, आपले रस्ते हे सगळं मला मान्य आहे. तपासणी माफ करणं तर मला मुळीच पटत नाही, उलट म्हाताऱ्यांची तपासणी जास्त करावी, हे मी स्वतःवरून सांगते. पण न वापरलेली बटणं गंजतात. वापरायचीच नाही म्हटलं की सुटा भाग कोण बनवणार आणि कोण घेणार?

बाकीची बटणंही नवीच लावू, सगळी एकसारखी चमकतील, असं जावयाच्या मनात आलं होतं. मी नको म्हटलं. चालतंय त्याला हात लावू नये. त्याच्या ओळखीतला एक गाडीवेडा नेमका उलट टोकाचा. नवी बटणं लावली म्हणजे गाडीचं अस्सलपण गेलं, असं तो तोंड वाकडं करून म्हणाला. त्याच्या अस्सल गाडीचं छप्पर पावसात उघडता येत नाही आणि बंदही करता येत नाही, असं नंतर कळलं.

निघायच्या आदल्या रविवारी लेक त्या गाडीतून मला बाजारात घेऊन गेली. जावयाला नाही, मला. येताना पाऊस लागला. तिने गाडी कडेला घेतली, आम्ही दोघींनी छप्पर ओढलं, आणि ती एकेक बटण दाबत गेली. टिच, टिच. गाडी विकायचा विषय तिने काढला नाही, मीही विचारलं नाही.

कालच जावयाचा निरोप आला आहे की उजवीकडचं आणखी एक बटण सैल झालं. आखूड खुंटीच मागवा आणि ऊन पडेपर्यंत हात लावू नका, असं कळवलं आहे.